एए फिल्टर काढायच्या आधी

आधी हे पाहा की तुम्ही फोटो कशाचे काढता. कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरचा अँटी-अलायसिंग (एए) फिल्टर प्रकाशाचा प्रत्येक बिंदू फोडून शेजारच्या पिक्सेलवर थोडा पसरवतो. सेन्सरला न पेलणारे बारीक तपशील खोट्या रंगीत लहरी (मॉयरे) होऊन उमटू नयेत म्हणून ही सोय. फिल्टर गेला की कातळ, झाडं, कोरीवकाम, तारे जास्त कोरून दिसतात. पण लग्नाची कामं घेत असाल तर हा नाद सोडा. रेशमी शालू आणि बारीक विणीचे सूट यांवर मॉयरे आला की शेकडो फोटोंत तो हाताने पुसत बसावं लागतं. शिवाय कायम एफ/१६ वर काम करणाऱ्याला फायदा जवळजवळ दिसतच नाही. तेवढ्या लहान छिद्रातून येताना प्रकाश मुळातच पसरतो. आणि नुसती धार हवी असेल तर निकॉन डी७१०० सारखी २०१३ पासूनची फिल्टरविना आलेली कॅमेरा बॉडी वापरलेली घ्या, उघडाउघडी वाचते.

तरीही करायचं असेल तर बॉडी विचारपूर्वक निवडा. मी कॅननचा ५डी मार्क टू धरून लिहितोय. २००८ चा, २१.१ मेगापिक्सेलचा. त्यात लाइव्ह व्ह्यू आहे, म्हणजे सेन्सरवरचं चित्र थेट पडद्यावर दिसतं, त्यामुळे फोकस सेन्सरवरच तपासता येतो. वर उघडणारा फ्लॅश नाही, म्हणजे आत फ्लॅशचा कपॅसिटरही नाही. फ्लॅशवाल्या बॉडीत तो ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि बॅटरी काढली तरी बराच वेळ झटका देऊ शकतो. तशीच बॉडी घेतली असेल तर रेझिस्टर लावून तो रिकामा करायचा आणि मल्टिमीटरवर शून्य दिसेपर्यंत आत बोट घालायचं नाही. सेन्सर हलवून स्थिरता देणाऱ्या बॉडी पहिल्या कामाला नकोतच. त्यातले चुंबक स्क्रू ओढून घेतात.

आता मुख्य गोष्ट, काच. फिल्टर काढणं हे काही मिनिटांचं काम आहे, पण त्याने व्यापलेली जागा तशी सोडता येत नाही. लेन्स आणि सेन्सर यांच्यामधली काच प्रतिमा मागे ढकलते: साध्या काचेत जाडीच्या सुमारे एक तृतीयांश. काच काढली की प्रतिमा तेवढी पुढे सरकते, सेन्सर जागच्या जागी राहतो आणि लेन्सला अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंवर, फोकस मिळत नाही. २०१२ चा निकॉन डी८००ई आठवा. त्यात कारखान्यातच फिल्टरचा परिणाम रद्द केला, पण काचा काढून टाकल्या नाहीत. एका काचेने फोडलेला बिंदू दुसरीने पुन्हा जुळवला. जाडी तशीच राहिली.

म्हणून बदली काच हातात आल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नका. ती तुमच्या मॉडेलसाठीच कापलेली, दोन्ही बाजूंनी परावर्तनरोधक लेप दिलेली असावी. नुसती मिलिमीटरमधली जाडी जुळवून भागत नाही. काही फिल्टर लिथियम नायोबेटचे असतात, त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचं माप) २.२ च्या वर. साध्या काचेचा १.५. सारख्याच जाडीत परिणाम वेगळा. विकणाऱ्याला विचारा की ऑप्टिकल जाडी, म्हणजे प्रतिमा मागे ढकलण्याचा परिणाम, मूळ काचांच्या संचाएवढी आहे का. नीट उत्तर आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा. ५डी मार्क टूच्या सेन्सरचा पिक्सेल ६.४ मायक्रॉनचा, त्यामुळे एफ/१.४ वर पिक्सेलपातळीला फोकस चुकायची सवलत असते ती जेमतेम ९ मायक्रॉन पुढे-मागे. ऑटोफोकसची थोडी चूक कॅमेऱ्याच्या मेनूतल्या मायक्रोॲडजस्टमेंटने (फोकस किंचित पुढे-मागे करायची सोय) निघते, हरवलेलं अनंत त्याने परत येत नाही.

काचेबद्दल आणखी एक. निळसर झाक असलेला तुकडा इन्फ्रारेड अडवतो, आणि तो एए फिल्टरच्या सोबतच निघतो. रोजचे रंग हवे असतील तर बदली काचही इन्फ्रारेड अडवणारीच मागवा. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना मात्र ६५६ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा लाल हवा असतो, त्यांची काच निराळी. कॅननमध्ये काचा दोन ठिकाणी असतात. धूळ झटकायला थरथरते ती पुढची. फक्त मागची काढली तर काम अर्धवट राहतं, पुढचीही काढली तर धूळ झटकण्याची सोय जाते. सेन्सरला चिकटवलेल्या झाकणकाचेला हात लावू नका. तिच्याखाली केसाहून बारीक तारा आहेत, त्या तुटल्या की सेन्सर संपला.

काम करायची जागा लहान, पंखा बंद, खिडक्या बंद. भर पावसाळ्यात नको: दोन काचांमध्ये दमट हवा कोंडली तर पुढे बुरशी धरू शकते. कोरड्या थंडीत स्थिर विजेची भीती, म्हणून मनगटाचा अर्थिंग पट्टा दोन्ही ऋतूंत हवाच. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, रबरी ब्लोअर, सेन्सर स्वॅब, प्लास्टिकचा चिमटा. दाबलेल्या हवेचा डबा आणू नका, तो द्रव फवारतो. नव्या काचेखाली अडकलेला कण प्रत्येक फोटोत दिसतो, आणि काढायला सगळं पुन्हा उघडावं लागतं.

स्क्रू ड्रायव्हर जेआयएस (जपानी मानक) मापाचे, ००० आणि ००. जपानी स्क्रूवर साधा फिलिप्स घसरतो आणि डोकं खातो. कागदावर बॉडीचं चित्र काढून त्यावर दुहेरी टेप लावा, प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटवा. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो. रिबन केबलची (पट्टीसारख्या चपट्या तारेची) खिटी कोणत्या बाजूने उघडते ते आधीच बघून ठेवा. काही वर उचलायच्या, काही सरकवायच्या. सेन्सरच्या स्क्रूंखाली पातळ चकत्या सापडल्या तर कुठल्या स्क्रूखाली किती, हे लगेच लिहा. त्यांची अदलाबदल झाली की सेन्सर तिरका बसतो आणि फोटोचा एक कोपरा मऊ येतो. सरावाला मेलेली बॉडी मिळाली तर उत्तम. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारच्या बाजूला विचारून बघा.

उघडण्याच्या आदल्या दिवशी ट्रायपॉडवर, एफ/५.६ ला, रॉ फॉरमॅटमध्ये मूळ फोटो काढून ठेवा: दूरची इमारत अनंतावर, बारीक रेघांचा तक्ता, एखादं बारीक विणीचं कापड, आणि चारही कोपरे दिसतील अशी सपाट भिंत. काम झाल्यावर हेच फोटो त्याच जागेवरून पुन्हा. काढलेल्या काचा लेन्सच्या कागदात गुंडाळून, कुठली पुढची नि कुठली मागची ते लिहून, डबीत ठेवा. मॉयरेला कंटाळून कॅमेरा पुन्हा मूळ रूपात आणायची वेळ आली तर त्याच लागतील.