आरसी गाडीचा सर्व्हो गेलाय असं वाटतंय? नवीन घ्यायच्या आधी हे बघा

रिमोटवर चालणारी (आरसी) गाडी एकाच बाजूला वळते, पुढची चाकं नुसती थरथरतात किंवा काहीच हलत नाही, की बरेच जण सरळ नवीन सर्व्हो (पुढची चाकं वळवणारा मोटर-गिअरचा छोटा डबा) मागवतात आणि तो बसवल्यावरही तेच होतं, कारण बिघाड सर्व्होत नव्हताच! म्हणून सगळ्यात आधी सर्व्होला स्टिअरिंगपासून सोडवा.

गाडी स्टँडवर ठेवा, चाकं अधांतरी पाहिजेत. हॉर्नचा (सर्व्होच्या शाफ्टवर बसवलेल्या छोट्या दांडीचा) स्क्रू काढून हॉर्न उपसून घ्या, आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) ऑन करा, मग गाडी, आणि स्टिअरिंग फिरवून बघा. शाफ्ट दोन्हीकडे नीट फिरून परत मध्यावर येत असेल तर सर्व्हो ठीक आहे, मग चाकं हाताने डावीउजवीकडे हलवून बघा, कुठेतरी खडा अडकलेला असतो, बेअरिंग जाम झालेलं असतं, नाहीतर सर्व्हो सेव्हरची (चाकाला बसलेल्या धक्क्यापासून सर्व्होला वाचवणाऱ्या भागाची) स्प्रिंग सैल पडलेली असते.

अजिबात आवाज नाही, हालचाल नाही? रिसीव्हरमध्ये (रिमोटचा सिग्नल घेणारा गाडीतला डबा) कनेक्टर उलटा लागलाय का बघा. लाल वायर मधली, ती प्लस, काळी किंवा तपकिरी मायनस, आणि पांढरी, पिवळी किंवा केशरी सिग्नलची. स्टिअरिंग फिरवत असतानाच वायर सर्व्होच्या केसजवळ (बाहेरच्या डबीजवळ) हळूच हलवा, बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आतून तुटलेली असू शकते. मग रिसीव्हरच्या त्याच चॅनलला (पोर्टला) दुसरा चालू सर्व्हो लावा. तोही गप्प राहिला तर रिसीव्हर किंवा ईएससीमधला (गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणारा डबा) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला पॉवर देणारा भाग, तपासा, मल्टिमीटरवर साधारण 5 ते 6 व्होल्ट यायला हवेत.

थरथर असेल तर ती नेमकी कधी होते ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. थ्रॉटल दाबल्यावरच होत असेल तर बहुतेक व्होल्टेज पडतंय, रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टला कपॅसिटर लावून फरक पडतो का बघा (प्लस-मायनस उलटं करू नका, फुटू शकतो). पण गाडी नुसती उभी आहे आणि शाफ्ट ठराविक एकाच जागी, बहुतेक वेळा मध्यावर, थरथरतोय तर आतला पॉट (शाफ्ट कुठे आहे ते सांगणारा भाग) झिजलाय, कारण सर्व्हो जास्तीत जास्त वेळ तिथेच असतो. तेव्हा मात्र बदलणंच बरं.

मोटरचा आवाज येतोय पण शाफ्ट हलत नाही, म्हणजे गिअर गेले. पॉवर बंद करून हॉर्न परत बसवा आणि बोटांनी अगदी सावकाश फिरवा, जोर लावू नका. एका जागी कट् होऊन घसरला की तिथला दात तुटलाय. खालचे चार लांब स्क्रू काढा, वरचं झाकण उचला, गिअर हलवायच्या आधी फोटो काढा, नाहीतर कोणता कुठे होता ते आठवत नाही. त्याच मॉडेलचा गिअर सेट मिळत असेल तर नवा सर्व्हो कशाला, थोडं ग्रीस लावून तोच बसवा.

परत जोडताना रिमोटवरची ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य थोडा इकडे-तिकडे सरकवायची सेटिंग) शून्यावर ठेवा, पॉवर ऑन करून सर्व्हो मध्यावर येऊ द्या आणि मगच हॉर्न घाला. पूर्ण वळवल्यावर घूं घूं असा आवाज येत राहिला तर ट्रान्समीटरवर एंड पॉइंट (सर्व्हो जास्तीत जास्त किती फिरेल ती मर्यादा) कमी करत जा, आवाज थांबेपर्यंत, कारण अडकलेली मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. पाच मिनिटं गाडी चालवून केसला बोट लावून बघा, कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर एंड पॉइंट अजून जास्त आहे.