गुग्गुळ आणि सीता-अशोक जोपासताना या चुका टाळा

गुग्गुळ आणि सीता-अशोक या दोन्ही औषधी वनस्पती जागतिक लाल यादीत, म्हणजे नष्ट होण्याचा धोका असलेल्या जातींच्या यादीत, आहेत. गुग्गुळ अतिसंकटग्रस्त, तर सीता-अशोक असुरक्षित वर्गात. खानदेशात त्या हौसेने लावणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे दोघांना एकाच मापाने मोजणे. गुग्गुळ हे राजस्थान-गुजरातच्या कोरड्या, खडकाळ भूमीतले काटेरी झुडूप आहे, आणि सीता-अशोक हा सह्याद्रीच्या सदाहरित रानात ओढ्याकाठच्या सावलीत वाढणारा वृक्ष आहे.

सर्वाधिक झाडे निरोगी लक्षणाला रोग समजल्यामुळे दगावतात, असे मला वाटते. गुग्गुळ वर्षातील बराच काळ निष्पर्ण असतो आणि त्याची साल कागदासारखी सोलून निघते. ते पाहून माणूस घाबरतो, पाणी वाढवतो आणि तापीकाठच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मुळे कुजतात. अशा वेळी नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. सीता-अशोकाची कोवळी तांबूस पालवीही मलूल झाल्यासारखी लोंबते, पण तो तिचा स्वभाव आहे. मात्र जुन्या पानांच्या कडा करपल्या, तर वैशाखातील झळा लागल्या असे समजावे व सावली करावी. केळीच्या बागेच्या आडोशाला हे रोप लावणे शहाणपणाचे; गुग्गुळाला मात्र मुरमाड, उताराची जागाच द्यावी.

दुसरी चूक नावाची आहे. रोपवाटिकेत नुसता 'अशोक' मागितला, तर उंच, सरळ वाढणारा खोटा अशोक मिळण्याचा संभव असतो. खऱ्या सीता-अशोकाची पाने संयुक्त, म्हणजे एकाच देठावर अनेक पर्णिका असलेली, असतात आणि केशरी-लाल फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांवरही येतात. बाजारातील गुग्गुळातही सालईच्या डिंकाची भेसळ होते. सातपुड्यात सर्वत्र दिसणारी सालई त्याच्याच कुळातली आहे.

औषधासाठी चीक किंवा साल काढताना घाई करू नये. खोल खाचा पाडून रसायन लावल्यास गुग्गुळ अधिक चीक देतो आणि नंतर वाळतो, तर खोडाभोवती पूर्ण वळसा घालून साल काढल्यास अशोक मरतो. रानातील झाडे याच कारणांनी घटली आहेत, म्हणून रानातले झाड ओरबाडण्याऐवजी रोपे घरीच करावीत. गुग्गुळासाठी बोटाएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे छाट लावावेत. अशोकाचे बी मात्र साठवले की उगवणशक्ती गमावते, म्हणून ते ताजेच पेरावे.