सबवूफरची पेटी घरी बनवताना या चुका टाळा

सांगलीत माझ्या घराच्या मागच्या खोलीत लोक घरी बनवलेल्या सबवूफरच्या, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणाऱ्या स्पीकरच्या, पेट्या घेऊन येतात आणि "स्पीकरच खराब निघाला" अशी तक्रार करतात. बहुतेकांचा स्पीकर निर्दोष असतो. सुतारकामही बरेचदा माझ्यापेक्षा सफाईदार असते. चुकलेले असते ते पेटीच्या आत कोंडलेल्या हवेचे माप. बंद पेटीतील हवा स्पीकरच्या कोनामागे, म्हणजे पुढे-मागे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्यामागे, स्प्रिंगसारखी काम करते, आणि पाइप बसवलेल्या पेटीत पाइपमधील हवेचा दट्ट्या त्याच स्प्रिंगवर पुढे-मागे झुलतो. ही स्प्रिंग किती ताठ असावी हे स्पीकर ठरवतो, बनवणाऱ्याची आवड किंवा टीव्हीखालची मोकळी जागा नव्हे.

सर्वांत जास्त वेळा पाहिलेली आणि सर्वांत जास्त संताप आणणारी चूक म्हणजे पेटीचे आकारमान बाहेरून मोजणे. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने बारा इंची स्पीकरसाठी पेटी बनवली. हिशेबात ६४ लिटर हवा आणि ३२ हर्ट्झचे ट्यूनिंग, म्हणजे पाइपमधील हवा ज्या स्वराला सर्वांत जोरात झुलते तो स्वर, असे आले होते. चाळीस सेंटिमीटरचा घन म्हणजे बरोबर ६४ लिटर, म्हणून त्याने वखारीतून १८ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) कापून आणला आणि बाहेरून चाळीस-चाळीस-चाळीस अशी देखणी पेटी उभी केली. आतून १० सेंटिमीटर व्यासाचा, २८.६ सेंटिमीटर लांबीचा पाइपही सूत्राप्रमाणे बसवला. पहिल्याच संध्याकाळी ढोल-ताशाचे रेकॉर्डिंग लावताच आतून टक-टक असा आवाज येऊ लागला. पेटी गाडीत घालून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, माप तर बरोबर घेतलंय की!"

मी त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. दोन्ही बाजूंच्या फळ्यांची जाडी वजा केली की आतील बाजू ३६.४ सेंटिमीटर उरते, म्हणजे आकारमान ४८ लिटरच्या आसपास. त्यातून स्पीकरच्या चुंबकाने व सांगाड्याने दोन लिटर, पाइपने पावणेतीन लिटर आणि आतल्या आधाराच्या पट्ट्यांनी दीड लिटर जागा खाल्ली. उरली ४२ लिटर हवा. तोच पाइप ६४ ऐवजी ४२ लिटरच्या पेटीत बसला की ट्यूनिंग ३२ हर्ट्झवरून साधारण साडेएकोणचाळीसवर चढते. ट्यूनिंगच्या खालचे स्वर वाजू लागले की पाइपमधून हवा नुसती आत-बाहेर करते, कोनाला तिचा आधार उरत नाही, कोन मर्यादेबाहेर धावतो आणि कोनाला जोडलेली तारेची कॉइल मागच्या पोलादी तबकडीवर आदळते. भाच्याला ऐकू येणारी टक-टक तीच होती.

खात्रीसाठी मी मोबाइलमधील ॲपवरून अगदी हळू आवाजात ६० हर्ट्झचा स्वर लावला आणि एकेक हर्ट्झ खाली येत गेलो. कोनावर खडूचा ठिपका काढला होता. ठिपका आधी अस्पष्ट थरथरत होता. एकोणचाळीसच्या सुमारास तो जवळपास स्थिर झाला आणि पाइपच्या तोंडाशी धरलेल्या हाताला वारा जोरात लागू लागला. जिथे कोन सर्वांत कमी हलतो ते पेटीचे खरे ट्यूनिंग. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि एक रुपयाही लागत नाही, तरीही पेटी वाजवायला घेण्यापूर्वी ती करणारा नवशिका मला अजून भेटायचा आहे.

पाइप लांब करून भागेल का, असे त्याने विचारले. ४२ लिटरमध्ये ३२ हर्ट्झ हवे असतील तर पाइप अर्ध्या मीटरजवळ जातो, आणि तो त्या पेटीत सरळ बसत नाही. शिवाय जुन्या पाइपचे आतले टोकही पलीकडच्या फळीपासून आठ सेंटिमीटरवर आले होते. तिथे किमान पाइपच्या व्यासाइतके अंतर मोकळे हवे. शेवटी नवी पेटी केली. ६४ लिटर निव्वळ हवेत वरील तीन गोष्टींनी खाल्लेली सव्वासहा लिटर जागा मिळवली, म्हणजे आतील बाजू ४१.३ सेंटिमीटर आली आणि बाहेरची सुमारे ४५. पाच सेंटिमीटरच्या फरकापायी एक शीट वाया गेले. तेव्हापासून माझी सवय अशी आहे की प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूवर पेन्सिलीने आतलेच माप लिहायचे, आणि वखारीत जाताना बाहेरचे माप लिहिलेला कागद खिशात ठेवायचाच नाही.

मित्राच्या पेटीचे माप उचलणे हा याच चुकीचा धाकटा भाऊ. प्रत्येक स्पीकरला त्याचीच पेटी लागते. ध्वनी-अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे नेलेले काम आज प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस या तीन आकड्यांच्या रूपाने छापलेले असते. एफएस म्हणजे मोकळ्या स्पीकरचा अनुनाद, जिथे कोन सर्वांत सहज झुलतो तो स्वर; क्यूटीएस म्हणजे ते झुलणे किती आवरले जाते त्याचा आकडा; आणि व्हीएएस म्हणजे कोनाच्या बैठकीइतकीच लवचीक असणारी हवा, लिटरमध्ये. समजा, हे आकडे २८ हर्ट्झ, ०.४५ आणि ६० लिटर आहेत. बंद पेटीत सपाट, संयमी बेस हवा असेल तर सुमारे ४१ लिटर लागतात आणि पेटीतील अनुनाद ४४ हर्ट्झवर येतो. तोच स्पीकर २० लिटरमध्ये कोंबला तर अनुनाद ५६ हर्ट्झवर चढतो, आणि प्रत्येक गाण्यात एकच घुमणारा स्वर ऐकू येतो. त्या घुमण्यालाच जोरदार बेस समजणारे पुष्कळ आहेत. मिरवणुकीतील डॉल्बीच्या भिंतींसमोर वाढलेल्या कानांना बारा फुटांच्या खोलीत नेमके काय हवे, हे मला अजून कळलेले नाही. माहितीपत्रकच नसलेला स्वस्त स्पीकर घेऊ नये, एवढेच सांगतो.

हार्डवेअरच्या दुकानातील 'चार इंची' पाइप म्हणजे बाहेरून ११० मिलिमीटर. आतील व्यास भिंतीच्या जाडीप्रमाणे बदलतो, तेव्हा व्हर्नियर कॅलिपरने मोजल्याशिवाय सूत्रात आकडा घालू नये. पाइप छोटा बसावा म्हणून अडीच-तीन इंची पाइप वापरला तर मोठ्या आवाजात तो फुसफुसतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे गळती आणि तिच्यामागची घाई, आणि ती मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मी पेटीचे सांधे सिलिकॉनने भरले आणि त्याच रात्री स्पीकर बसवून टाकला. आंबट वासाचे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्लाची वाफ सोडते, आणि बंद पेटीत ती वाफ जाते कुठे? काही आठवड्यांनी स्पीकर काढला तेव्हा कॉइलकडे जाणाऱ्या नाजूक तांब्याच्या वेण्यांवर हिरवट थर चढलेला होता. तेव्हापासून आतून भरलेली पेटी मी किमान दोन दिवस उघडी ठेवतो, आणि नाकाला वास येत असेल तर तिसराही दिवस जातो. ज्यांना तेवढा धीर नसेल त्यांनी फेविकॉलमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून सांधे भरावेत.

गळती शोधायला उदबत्ती पुरेशी आहे. चाळीस हर्ट्झच्या आसपासचा स्वर मध्यम आवाजात लावावा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून, स्पीकरच्या कडेवरून व वायर जोडायच्या खोबणीवरून सावकाश फिरवावी. धूर सरळ वर चढत असतो. जिथे भोक असेल तिथे तो एकदम फटकारून बाजूला पळतो. माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा तो वायरच्या खोबणीपाशी पळतो, कारण तिच्याखाली फोमची पट्टी लावायची कोणाला आठवणच राहत नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. अस्सल सागवानाची पेटी करण्याचा हट्ट धरू नये. एकसंध लाकूड हवामानाप्रमाणे हलते आणि सांधे उघडते. शेजारच्या मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा आणि त्यावरची पातळ लाकडी तबली निनादावी म्हणून कारागीर जीव ओततात. इथे मात्र फळीने मुळीच निनादू नये म्हणून मधोमध आडवी पट्टी घालायची असते. बोटाने टिचकी मारल्यावर ढब्ब असा बोदा आवाज येईपर्यंत पट्ट्या वाढवाव्यात, आणि त्यांचे लिटर हिशेबातून वजा करायला विसरू नये. उशीतला खरा कापूस आत भरू नये, तो ओल धरतो. बंद पेटीत पॉलिएस्टरचा कापूस भरावा, पाइपच्या तोंडाशी मात्र काहीही ठेवू नये. एमडीएफच्या कडेत आधी भोक न पाडता स्क्रू पिळला तर ती फाटते. पेटीखाली रबराचे पाय लावावेत, कारण रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते आणि आधी फुगते ती तळाची कड.

दुहेरी कॉइलच्या स्पीकरमध्ये चार-चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की दोन ओहम होतात, तेव्हा ॲम्प्लिफायरच्या मागे लिहिलेली किमान मर्यादा आधी वाचावी. एकाच पेटीत दोन स्पीकर असतील तर दीड व्होल्टचा सेल प्रत्येकाला क्षणभर लावून पाहावा. दोन्ही कोन एकाच दिशेने उडी मारत नसतील तर एकाच्या वायरी उलट करून मगच स्क्रू आवळावेत.