लेजिओनेला मागितल्याशिवाय सापडत नाही

न्यूमोनियाच्या पेशंटचा बेडका आमच्या लॅबमध्ये येतो, तेव्हा फॉर्मवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: 'कल्चर-सेन्सिटिव्हिटी', म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघा. आम्ही तो ब्लड अगार आणि मॅकॉन्की या जंतू वाढवायच्या नेहमीच्या प्लेटांवर लावतो, दोन दिवसांनी 'नॉर्मल फ्लोरा', म्हणजे नेहमीचेच जंतू, असा रिपोर्ट जातो. या रिपोर्टवरून लेजिओनेला, म्हणजे पाण्यात वाढणारा आणि न्यूमोनिया करणारा जंतू, नाही असं कृपया ठरवू नका. तो या प्लेटांवर उगवतच नाही. त्याला सिस्टीन आणि लोह घातलेलं, कोळशाचं काळंभोर बीसीवायई अगार (खास प्लेट) लागतं, आणि तीन ते पाच दिवसांचा धीर. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, पांढऱ्या पेशींचा खच, पण जंतू जवळपास नाहीत, असं दिसलं की मी वॉर्डात फोन लावते.

जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातही हेच नडलं. बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं आणि घरी परतलेली माणसं न्यूमोनियाने पडू लागली. ३४ जण दगावले. फ्लू तपासला, विषारी धातू तपासले, काही हाती लागेना. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या जोसेफ मॅकडेड यांनी जुन्या स्लाइड पुन्हा काढल्या, कोंबडीच्या अंड्यांत जंतू वाढवला आणि जानेवारी १९७७ मध्ये गुन्हेगार जाहीर झाला: हाच लेजिओनेला. साठवलेल्या सीरमवरून (रक्तातल्या द्रवावरून) मग १९६८ चा मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅकचा गूढ तापही उलगडला. जुने नमुने फेकू नयेत म्हणतात ते यासाठी.

रेसिडेंट डॉक्टर मुलांना मी सांगते, पेशंटला नीट विचारा. "काका, गेल्या पंधरा दिवसांत मुक्काम कुठे होता? हॉटेल, हॉस्पिटल, लग्नाचा हॉल?" लागण झाल्यावर लक्षणं साधारण २ ते १० दिवसांनी येतात, कधी १४. धोका वाढवणारं: पन्नाशीपुढचं वय, सिगारेट, स्टेरॉइड. सोबत जोराचा ताप, जुलाब, असंबद्ध बोलणं, रक्तातलं सोडियम उतरलेलं. यातलं एकही लक्षण पुरावा नाही, पण तीन-चार एकत्र आली की संशय घ्यायलाच हवा. जंतू आपल्याच पेशींत दडून बसत असल्याने पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं चालत नाहीत. अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. रिपोर्टची वाट पाहत डॉक्टरांनी ते अडवून ठेवू नये.

तपासणीला लघवी आणि बेडका दोन्ही पाठवा. लघवीतले जंतूचे अंश शोधणारी अँटिजेन टेस्ट तासाभरात होते, पण ती प्रामुख्याने सेरोग्रुप १ हा लेजिओनेलाचा एकच उपप्रकार पकडते. निगेटिव्ह आली म्हणून सुटका नाही. बेडक्यावर पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चर करा. कल्चर हवंच, कारण पेशंटमधला जंतू आणि पाण्यातला जंतू एकच का, हे ताडून पाहायला दोन्ही हातात असावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कोवळी वसाहत फुटक्या काचेच्या तुकड्यासारखी चमकते, कडेला जांभळट-हिरवट झाक. मी ती सिस्टीन नसलेल्या प्लेटवरही लावते. तिथे उगवली नाही तर बहुधा आपलाच माणूस, म्हणजे लेजिओनेला.

एकाच इमारतीशी जोडलेले दोन पेशंट निघाले की पाण्याकडे वळा. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. बारीक तुषार श्वासात जातात. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये माग एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरपर्यंत पोचला होता. घरच्या स्प्लिट एसीला मात्र उगाच दोष देऊ नका, तो पाण्याचे तुषार उडवत नाही. टॉवर, शॉवर, कारंजी, न वापरलेल्या खोल्यांचे नळ बघा. २५ ते ४५ अंशांचं साचलेलं पाणी त्याला मानवतं, म्हणून थर्मामीटर आधी.

आणि मेंटेनन्सवाल्यांना हात जोडून सांगा: आधी नमुना, मग क्लोरीन. नाहीतर पुरावाच धुऊन जातो. नळ सोडल्यावरचं पहिलंच पाणी घ्या, एक लिटर, निर्जंतुक बाटलीत, क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घालून. शॉवरची जाळी काढून आतल्या बुळबुळीत थराचा स्वॅबही घ्या. मास्क लावा.

साफसफाईनंतर दुसऱ्याच दिवशीचा 'निल' (जंतू नाही) रिपोर्ट मी फाइलला लावू देत नाही. पाइपातल्या थरात, अमिबांच्या पोटात जंतू टिकतो आणि परत येतो. दर दोन आठवड्यांनी, तीन महिने नमुने घ्या. बाटल्या सकाळीच पाठवा, शनिवारी संध्याकाळी नको.