वर्षाचे तिखट-मसाले भरताना हवामानाचा अंदाज कसा घ्यावा

मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचे तिखट करायला घेताना आपण मिरचीचा भाव ऐकून दचकतो, पण त्या भावाची कारणे कित्येक महिने आधीच शेतात घडून गेलेली असतात. म्हणून दसरा-दिवाळीपासूनच मिरचीच्या पट्ट्यातील पावसाच्या बातम्यांकडे लक्ष ठेवावे. पीक फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला किंवा आभाळ सतत ढगाळ राहिले, तर फूलगळ होते आणि रोग-किडी बळावतात. 2021 च्या हंगामात आंध्र प्रदेश आणि तेलंगणात फुलकिड्यांच्या एका नव्या जातीने मिरचीचे शेतच्या शेत फुलांसकट वाया घालवले. त्यानंतर बाजारातील आवक घटली आणि भाव चढले.

पीक हाती आल्यानंतरही धोका टळलेला नसतो. नंदुरबारला ओली लाल मिरची पथारींवर, म्हणजे मोकळ्या मैदानांत, पसरून वाळवतात. अशा वेळी अवकाळी पावसाची एक सर आली, तरी वाळत आलेली मिरची पुन्हा भिजते आणि तिचा रंग उडतो. टंचाईच्या वर्षी हाच भिजलेला माल चांगल्या मालात मिसळून आपल्यापर्यंत येण्याची शक्यता असते, म्हणून भावापेक्षा पारखीकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

पारख करताना पोत्याच्या तोंडाशी ठेवलेली मिरची न घेता आतली मूठभर काढून घ्यावी. नीट वाळलेली मिरची कानाशी हलवली की आत बी खुळखुळते आणि ती मोडताना आवाज होतो. ओलसर मिरची चामड्यासारखी वाकते, पण मोडत नाही. मग देठाजवळ चीर देऊन मिरची उघडावी. बी पिवळसर असेल आणि सालीची आतली बाजू स्वच्छ असेल, तर माल घ्यावा. बियांच्या मुळाशी करडी किंवा काळी भुकटी दिसली, अथवा कुबट वास आला, तर ती मिरची कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष उन्हात वाळवल्याने किंवा भाजल्याने नाहीसे होत नाही.

जिऱ्याची गोष्ट वेगळी आहे. देशातील जवळजवळ सगळे जिरे गुजरात आणि राजस्थानात पिकते, त्यामुळे तिथले हवामान बिघडले की दुसरीकडून भरपाई होत नाही. आधीच साठा कमी असताना मार्च 2023 मध्ये काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि त्याच वर्षी जिऱ्याचा वायदे बाजारातील भाव क्विंटलला 60,000 रुपयांच्या वर गेला. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी पेरा वाढवला आणि भाव उतरले. यावरून एक व्यवहार शिकता येतो: पीक बुडालेल्या वर्षी जिरे वर्षभराचे न भरता दोन-तीन महिन्यांपुरतेच घ्यावे आणि नव्या पिकाची वाट पाहावी. परदेशातही हेच घडते. 2021 मध्ये कॅनडात दुष्काळ पडला आणि तिथल्या मोहरीवर अवलंबून असलेल्या फ्रान्समधील दुकानांत 2022 मध्ये मोहरीच्या चटणीच्या बाटल्या मिळेनाशा झाल्या.

तिखटाच्या बाबतीत मात्र एवढे थांबता येत नाही, कारण पावसाळा लागला की मिरची वाळवणे आणि डंकावर कुटून आणणे अवघड होते. ब्याडगीचा तुटवडा असेल, तर रंगासाठी काही भाग काश्मिरी मिरची घ्यावी आणि तिखटपणासाठी गुंटूर किंवा लवंगी बेताने वापरावी. मात्र सगळे तिखट एकदम न करता आधी पाव किलोचे करून त्याची आमटी करून पाहावी, म्हणजे प्रमाण चुकले तरी नुकसान थोडक्यात आटोपते. रंगाचा मोह पडून सुटी, भडक लाल पूड घेऊ नये, कारण टंचाईत भेसळीला वाव मिळतो.

भाव फारच चढलेला असेल, तर निम्म्याच मिरचीचे तिखट कुटून उरलेली मिरची दोन दिवस कडक उन्हात वाळवावी, पूर्ण गार होऊ द्यावी आणि देठांसकट घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावी. पुडीपेक्षा अख्ख्या मिरचीचा रंग आणि वास जास्त टिकतो. डब्यात तळाशी, मध्ये आणि वर हिंगाचे खडे घालावेत, आणि पावसाळ्यात हा डबा ओल्या हाताने किंवा ढगाळ दिवशी उघडू नये.