कॅटलनमध्ये ‘अस्’ कुठे, ‘स’ कुठे

कॅटलन भाषेच्या बार्सिलोनाच्या बोलीतलं ‘अस्’ किंवा ‘स’ हे आत्मवाचक (‘स्वतः’ या अर्थाचं) सर्वनाम आहे. त्यातला ‘अ’ मराठी ‘अ’च्या जवळचा, त्यामुळे नागपूरकरांची जीभ तिथे अडत नाही. अडते पुढच्या ध्वनीवर.

सर्वनामाच्या लगेच पुढचा शब्द बघा. तो स्वराने सुरू झाला तर नुसता ‘स्’ जोडा: सोब्र (उघडतं). व्यंजन असेल तर ‘अस्’: अस् फा (केलं जातं). घोष व्यंजनापुढे (‘ग’, ‘द’, ‘ब’सारख्या, घसा थरथरवणाऱ्या) तोच ‘स्’ ‘ज़्’सारखा होतो: अज़् दीउ (म्हणतात).

खरी गोम ‘स’पाशी. ‘अस् साप्’ (कळतं) भरभर म्हटलं की गणेशपेठच्या ‘बस स्टँड’सारखं होतं, दोन ‘स’ एकमेकांत विरतात. म्हणून क्रम उलटवून ‘स साप्’ म्हणा, मधल्या स्वराने दोन्ही सुटे राहतात. लिहिलेलं ‘अस् साप्’ही दिसेल, दचकू नका.

अक्षर नाही, ध्वनी तपासा: स्पेलिंगमध्ये ‘सी’ असूनही ‘स सलेब्र’ (साजरं होतं).

चूक बहुधा भूतकाळात होते. ‘कळलं’ म्हणजे ‘अज़् ब सबे’. मुख्य क्रियापद ‘स’चंच, पण सर्वनामाला चिकटलाय ‘ब’, म्हणजे भूतकाळाचं सहायक क्रियापद. इथे उलटवायचं कारण उरत नाही.