फौज आणि एसटी: गावातल्या माजी सैनिकाची जीवनओळख कशी लिहावी

अग्निपथ योजनेच्या (२०२२) आधी जवान अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती व्हायचा, पंधरा-सतरा वर्षं काढून पस्तिशीत पेन्शनवर घरी यायचा आणि मग अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत एसटीत ड्रायव्हर, कारखान्यावर वॉचमन नाहीतर बँकेत गार्ड म्हणून राबायचा. दुसरी नोकरी बहुतेक वेळा फौजेपेक्षा लांब असायची. तरी वारल्यावर दहाव्याच्या फ्लेक्सवर वर्दीतला फोटो आणि ‘देशसेवा’ एवढंच येतं. दोन्ही नोकऱ्या तारखा आणि गावांसकट लिहिल्या, तरच त्या मजकुरात माणूस दिसतो. इथे १९७० च्या आसपास भरती होऊन पुढे एसटीत लागलेल्या जवानाचं उदाहरण धरलं आहे. बाकीच्यांनाही रीत हीच लागू पडते.

सुरुवात ट्रंकेपासून करा. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली असते. त्या झाकणाचा उजेडात सरळ वरून फोटो घ्या, कारण घर रंगवताना ट्रंकही रंगवली जाते आणि अक्षरं जातात. आत डिस्चार्ज बुक शोधा. भरतीची आणि निवृत्तीची तारीख, शेवटचा हुद्दा, ट्रेड (फौजेतलं काम), मिळालेली मेडल्स आणि वर्तनाचा शेरा त्यात एकत्र मिळतो. सोबत पेन्शनचा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) असेल. मूळ कागद फ्लेक्सवाल्याकडे किंवा झेरॉक्सच्या दुकानात सोडून येऊ नका. कुटुंब पेन्शनसाठी पत्नीला तेच लागतात. लॅमिनेशनही नको: उष्णतेने कागद प्लास्टिकला कायमचा चिकटतो आणि पुढे त्यावर शिक्का-सही घेता येत नाही.

नावात आणि जन्मतारखेत घोळ असणारच. भरतीच्या कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेलं आडनाव शाळेच्या दाखल्यापेक्षा वेगळं निघतं. जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. अशा वेळी कागदावरची तारीख तशीच द्या आणि घरच्यांची आठवण (‘भाताच्या लावणीत जन्म’) शेजारी लिहा. दोन्हींची सरासरी काढून तिसरी तारीख तयार करू नका.

आता मेडल्स. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गोल मेडल हातात घेऊन कड उजेडाकडे तिरपी धरा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. तो हुद्दा मेडल मिळालं तेव्हाचा असतो, त्यामुळे डिस्चार्ज बुकात हवालदार आणि कडेवर शिपाई दिसलं तर ती चूक नव्हे. कड वाचण्याआधी भांडी घासायची पावडर किंवा चिंच लावू नका, आणि नंतरही नको. चकाकी येते, पण अक्षरं झिजतात. कोरड्या सुती फडक्याने पुसणं पुरे.

कुठलं मेडल काय सांगतं, ते नीट बघा. ‘पूर्वी स्टार’ म्हणजे १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडी, ‘पश्चिमी स्टार’ म्हणजे पश्चिम आघाडी. संग्राम मेडल त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या क्षेत्रातल्या सेवेसाठी दिलं गेलं. ते एकटंच असेल तर ‘आघाडीवर लढले’ असं लिहू नका, ‘१९७१ च्या युद्धकाळात सेवेत होते’ असं लिहा. १९६५ च्या लढाईचंही तसंच: समर सेवा स्टार प्रत्यक्ष मोहिमेचा, तर रक्षा मेडल त्या वेळी फौजेत असलेल्या बहुतेकांना मिळालेलं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असलेल्यांना मिळालं. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर धातूची पट्टी असते, तीवर ‘हिमालय’, ‘जम्मू-काश्मीर’ असं क्षेत्र लिहिलेलं असतं. पट्टी सैल होऊन ट्रंकेच्या तळाशी पडलेली असते, म्हणून तळ चाचपून बघा. जुन्या बाजारात मागाहून विकत घेतलेली मेडल्सही घरांत सापडतात. कडेवर दुसऱ्याचं नाव असेल तर ती फोटोत मांडू नका.

कागद हरवले असतील तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकाची नोंद तिथे असते. पुढचं पत्र रेकॉर्ड ऑफिसला: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी (फौजेतले इंजिनिअर) खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड. पत्रात सेवा क्रमांक, कागदावरचं नाव, तुमचं नातं आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवीच. सेवा क्रमांकाशिवाय शोध लागणं फार अवघड, म्हणून तो ट्रंकेवर, मेडलच्या कडेवर किंवा जुन्या मनिऑर्डरच्या पावतीवर आधी शोधा.

जवानाच्या पत्रांवर ‘५६ ए.पी.ओ.’ (ए.पी.ओ. म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) असेल तर साधारण उत्तर-पश्चिम, ‘९९ ए.पी.ओ.’ असेल तर पूर्व भाग. नेमकं ठाणं पत्त्यावरून कळत नाही, कारण पत्ता मुद्दामच तसा ठेवलेला असतो. फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयने स्कॅन करा आणि मागची बाजूही करा. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावं तिकडेच असतात. दमट हवेत फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा. सोडवायला गेलात तर चेहरा काचेवर राहतो.

एसटीचे कागद कमी मिळतात, म्हणून तिथे माणसं गाठा. घरात बिल्ला, खाकी शर्ट, नेमणुकीचं पत्र, विनाअपघात सेवेचं प्रमाणपत्र बघा. मग आगारात जाऊन त्यांच्याबरोबर ड्यूटी केलेला कंडक्टर शोधा. ‘स्वभाव कसा होता?’ विचारलंत तर ‘फार शिस्तीचे’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: मुक्कामाची गाडी कुठल्या गावाला होती? रात्री झोपायचे कुठे, जेवण कोण द्यायचं? पहाटे इंजिन चालू करण्याआधी गाडीभोवती फिरून काय काय बघायचे? घाटात उतरताना गिअर कुठला ठेवायचे? एका बैठकीला तासापेक्षा जास्त नको. मोबाइल विमान मोडवर टाकून रेकॉर्डिंग करा, नाहीतर फोन आला की ते मध्येच तुटतं. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा.

पत्नीशी वेगळं, निवांत बोला. जवान सीमेवर असताना शेती कुणी कसली, मनिऑर्डर किती रुपयांची यायची, दोन महिन्यांच्या सुट्टीत त्यांनी घरात काय काय उरकलं, हे पत्नीलाच ठाऊक असतं. युद्धाबद्दल ते घरी कधी बोलले नसतील तर ‘बोलत नसत’ असंच लिहा.

लिहिताना हुद्दा नेमका ठेवा. गावात सगळे ‘मेजर’ म्हणत असले तरी सुभेदार मेजर आणि मेजर हे वेगळे हुद्दे आहेत. मानद हुद्दा असेल तर ‘मानद’ हा शब्द गाळू नका. घरी वारलेल्या माजी सैनिकाला ‘शहीद’ म्हणू नये, तो शब्द रणात पडलेल्यांसाठी राखून ठेवा. लष्करी किंवा शासकीय इतमाम नसेल तर पार्थिवावर तिरंगा पांघरता येत नाही, कायद्यानेच मनाई आहे. इतमाम असला तरी अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात. अंत्यसंस्काराच्या गडबडीत हे सांगणारं कुणी नसतं, म्हणून घरातल्या एकाने आधीच लक्षात ठेवावं.

दहाव्याला वाचायचं असेल तर ४०० ते ४५० शब्द, म्हणजे चारेक मिनिटं. उन्हात उभी माणसं त्याहून जास्त ऐकत नाहीत. वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेला १६ पानं ठीक: चार फौजेची, पाच-सहा एसटीची, बाकी घर, शेती आणि फोटो. सुरुवात जन्मापासूनच केली पाहिजे असं नाही. एका कामापासून केलेली बरी:

‘पहाटे साडेचारला ते मुक्कामाच्या गाडीच्या चारही बाजूंनी फिरत, प्रत्येक टायरवर लोखंडी टॉमी मारून आवाज ऐकत. ही सवय त्यांना फौजेत गाडी चालवताना लागली होती.’

हे वाक्य त्या कंडक्टरने सांगितलेलं असलं पाहिजे आणि फौजेतला ड्रायव्हर हा ट्रेड डिस्चार्ज बुकात दिसला पाहिजे. दोन्ही जुळल्यावरच छापा.

छापण्याआधी मजकूर पत्नीला आणि एका जुन्या सहकाऱ्याला वाचून दाखवा. वैद्यकीय शेरा, पेन्शनचा आकडा आणि बँक खातं पुस्तिकेत नको. एक प्रत घरी, एक गावच्या वाचनालयात, एक शाळेत द्या. स्कॅन दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, त्यातला एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीकडे. मूळ फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.